मदत हवी आहे: ट्रेडमार्कसाठी अर्ज करून वर्ष झाले, प्रमाणपत्र अजून नाही

तिखटमीठ:
आमच्या घरगुती मसाल्यांच्या नावासाठी गेल्या वर्षी मुंबईच्या ट्रेडमार्क कार्यालयाकडे ऑनलाइन अर्ज केला होता. वर्षभरात काम होईल असे म्हणणारा एजंट आता नुसता थांबायला सांगतो. पुण्याच्या एका वितरकाला वर्तुळातील ‘आर’ (नाव नोंदलेले असल्याचे चिन्ह) छापलेली पाकिटेच हवी असल्यामुळे आमची छपाई अडली आहे. प्रमाणपत्र लवकर मिळवण्याचा मार्ग कृपया तातडीने सांगावा.

वहीखाते:
२०२१-२२ या आर्थिक वर्षात देशभरातून सुमारे ४ लाख ४७ हजार अर्ज आले आणि नोंदण्या झाल्या सुमारे २ लाख ६१ हजार. म्हणजे दहांपैकी चार अर्जदार मागे राहणारच.

सरळरेषा:
आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष नाही. त्या वर्षी नोंदलेल्या नावांत आधीच्या वर्षांत आलेले अर्जही असतात, त्यामुळे या दोन आकड्यांच्या भागाकारावरून कोणाच्याही अर्जाचे भवितव्य कळत नाही. तिखटमीठ ताई, प्रवर्ग (मालाचा वर्ग) कोणता, नुसता शब्द मागितला आहे की लेबल, आणि संकेतस्थळावर सद्यस्थिती काय दिसते?

जुना_व्यापारी:
आमच्या वेळी, २०१७ च्या आधी, परीक्षण अहवाल (अर्ज तपासून कार्यालय पाठवते तो) यायलाच वर्ष उलटत असे. धीर धरावा. त्यापेक्षा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढा, म्हणजे नाव आपोआप सुरक्षित होते.

वहीखाते:
साहेब, कंपनीचे नाव नोंदले म्हणून मसाल्याच्या पाकिटावरील नावाचा हक्क मिळत नाही. ताईंना बहुधा परीक्षण अहवाल आला असावा. त्याला एका महिन्यात उत्तर द्यावे लागते.

तिखटमीठ:
प्रवर्ग ३०, लेबल. ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये नाव छापून आले, तेव्हा काम झाल्यातच जमा आहे असे आम्हाला सांगण्यात आले. आता स्थितीपुढे ‘ऑपोज्ड’ असे दिसते.

सरळरेषा:
हे पहिल्याच प्रश्नात यायला हवे होते. कार्यालयाने शंका काढली तर ‘ऑब्जेक्टेड’ दिसते आणि वहीखाते सांगतात ती एका महिन्याची मुदत त्या टप्प्याची. आपला अर्ज तो टप्पा ओलांडून जर्नलमध्ये आला आणि त्यानंतरच्या चार महिन्यांत कोणीतरी विरोध दाखल केला. विरोधाची सूचना एजंटच्या पत्त्यावर किंवा ईमेलवर येते आणि ती मिळाल्यापासून दोन महिन्यांत टीएम-ओ या ठरावीक नमुन्यात प्रतिनिवेदन (विरोधाला आपले लेखी उत्तर) गेले नाही, तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम २१ नुसार अर्ज सोडून दिला असे मानले जाते. ही मुदत वाढवून मिळत नाही. सूचना कधी आली, हे आजच विचारावे. थांबण्याचा सल्ला येथे सर्वांत घातक आहे.

जुना_व्यापारी:
तोवर पाकिटावर ‘आर’ छापायला काय हरकत आहे? बाजारात पुष्कळ जण छापतात.

सरळरेषा:
मोठी हरकत आहे. नोंदणीपूर्वी ते चिन्ह वापरण्यास कलम १०७ खाली मनाई आहे. त्यासाठी ऑगस्ट २०२४ पूर्वी तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती, आता आर्थिक दंडाची आहे. ‘टीएम’ छापता येते. वितरकाला तसे लेखी कळवावे.

तिखटमीठ:
एजंटकडून ईमेल मागवून घेतला. मुदत पुढच्या आठवड्यात संपते आहे! विरोध करणाऱ्याचे नाव आमच्या नावाशी मिळतेजुळते आहे, परंतु आम्ही २०१४ पासून विक्री करतो. तेव्हाची छपाईची बिले आहेत, मात्र त्यांवरचे लेबल जुन्या रंगाचे आहे. ती चालतील का?

वहीखाते:
नाव तेच असेल तर ती बिले फार मोलाची आहेत, कारण आधीपासूनचा वापर हाच आपला मुख्य आधार ठरेल. अर्जात वापराची तारीख २०१४ ची लिहिली आहे की ‘वापरण्याचा प्रस्ताव आहे’ असे लिहिले आहे, हे प्रथम पाहा.

सरळरेषा:
सहमत. मात्र पुराव्याचा टप्पा नंतर येतो, त्यामुळे बिले जमवण्यात हा आठवडा घालवू नये. आधी प्रतिनिवेदन दाखल होऊ द्या. ऑनलाइन शुल्क एका प्रवर्गाला २,७०० रुपये आहे. दाखल केल्याची पावती एजंटकडून स्वतःच्या हाती घ्यावी.