दुसऱ्याची पात्रं घेऊन पटकथा लिहिणाऱ्यांना 'रिकामटेकडे' म्हणणाऱ्यांसाठी

तिसरी घंटा, रामबाग:
काल इथे एका महाशयांनी फर्मान काढलं की गाजलेल्या मालिकेची पात्रं उचलून फॅनफिक्शन पटकथा लिहिणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग, ना विकता येते ना दाखवता येते. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर.

विकता येत नाही, कबूल. पण विकायचीच आहे हे कुणी सांगितलं? अमेरिकेत टीव्हीत शिरू पाहणारे लेखक वर्षानुवर्षं चालू मालिकेचा एक भाग आपल्या मनाने लिहूनच काम मागत आले. तो भाग चित्रित व्हायचा नसतोच. दुसऱ्याच्या पात्राला त्याच्याच तऱ्हेने बोलवता येतं का, एवढंच बघतात.

मी एका बंद पडलेल्या मराठी मालिकेचा पुढचा भाग लिहिला. बाप-लेकीचं भांडण, पहिल्या खर्ड्यात चार पानं. पटकथेचं पान म्हणजे साधारण एक मिनिट. चार मिनिटं दोघं नुसते बोलतायत! 'तिला अपमान वाटला' लिहून भागत नाही, कॅमेऱ्याला तो दिसत नाही. शेवटी तिने बापाला वाढायला उचललेली पोळी परत डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. संवाद गेले, दीड पान उरलं. पात्रं तयार होती म्हणूनच सगळं लक्ष त्या पोळीवर देता आलं.

खरंखुरं:
मीच तो महाशय. पोळी झकास. पण ती चालते, कारण हे बाप-लेक आम्हाला आधीच ठाऊक आहेत. अनोळखी बाईने पोळी डब्यात ठेवली तर मला काय त्याचं? माणूस उभा करणं हेच अवघड काम, आणि नेमकं तेच तुम्ही टाळलंत.

आणि प्रश्न नुसता विकण्याचा नाही. टिमथी अँडरसन नावाच्या लेखकाने 'रॉकी'च्या चौथ्या भागासाठी ३१ पानांचा आराखडा लिहिला. सिनेमा आल्यावर कल्पना चोरली म्हणून 'रॉकी' लिहिणाऱ्या आणि साकारणाऱ्या स्टॅलोनवर दावा ठोकला. १९८९ मध्ये अमेरिकेतलं कोर्ट म्हणालं, पात्रं परवानगीशिवाय वापरलीत, तेव्हा तुमच्या लिखाणालाच संरक्षण नाही. पदरचं घातलेलंही गेलं!

काळा कोट:
तो निकाल इथे जसाच्या तसा लागू होत नाही. आपला कायदा १९५७चा, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क. नुसत्या कल्पनेवर हक्क नसतो, हे आर. जी. आनंद प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच सांगितलंय. रियाजच करायचा तर गडकऱ्यांचा तळीराम घ्या. गडकरी १९१९ मध्ये गेले, नोटीस येणार नाही.

पोहे जास्त शेव:
तळीराम घ्या म्हणे! इथेच आपल्या इंदूरच्या मराठी नाटकाचं घोडं पेंड खातं. जुनं नाही तर पुण्या-मुंबईचं. गावातल्या लेखकाने नवी संहिता दिली की पहिला प्रश्न, "आधी कुठे झालीय का?" एका स्पर्धेत आमची एकांकिका 'भाषा शुद्ध नाही' म्हणून मागे टाकली. राजवाड्याजवळचा दुकानदार सदाशिव पेठेसारखा बोलणार का?

आत्याबाई:
स्थानिक प्रयोगांना मी नेमाने जाते. निम्म्यांना संवाद पाठ नसतात आणि माईक घरघरतो. पुण्याहून येणारे निदान पाठ करून येतात.

पोहे जास्त शेव:
माईक हॉलचा असतो, आमचा नव्हे! आणि तालमीला जागा कोण देतं? गच्चीवर करतो, खालचे काका पोलिसांची धमकी देतात. तुम्ही फुकट पासवर येऊन नावं ठेवा.

आत्याबाई:
पास? आयुष्यात तिकिटाशिवाय नाटक पाहिलं नाही. आमचे हे नोकरी सांभाळून नेपथ्य ओढायचे, तेव्हा तुम्ही पाळण्यात असाल. तोंड सांभाळून लिहा.

तिसरी घंटा, रामबाग:
धागा पटकथेचा आहे हो.

पोहे जास्त शेव:
मी वेगळं काय बोलतोय, भिया? मालिकेतल्या बाप-लेकीवर जो जीव टाकलात तो इथल्या एखाद्या माणसावर टाका की!

खरंखुरं:
शेववाल्यांशी सहमत व्हावं लागेल असं वाटलं नव्हतं.

तिसरी घंटा, रामबाग:
लिहीन. करणार कोण? गच्चीवर?

खरंखुरं:
बरं, हात बसायला एखादी फॅनफिक्शन पटकथा लिहा. मांडणी कळते, काटछाट कळते, एवढं मानतो. दुसरी लिहिलीत तर मात्र तो छंद.

तिसरी घंटा, रामबाग:
मोठी कृपा. दुसरी झालीसुद्धा. तिसरीत तळीराम, खंडवा रोडवरच्या होस्टेलात.

आत्याबाई:
त्याला मराठी तरी नीट बोलू दे म्हणजे झालं.

पोहे जास्त शेव:
खंडवा रोडवर राहून? विसरा.