ड्रायव्हर रिव्ह्यू: कार्डाला थेट फिजिकल ॲड्रेस दिलाय, चालतं का?

ऐरोलीवाला:
नमस्कार मंडळी, महापे एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत आहे, कर्नलचं (लिनक्सचा गाभा) काम नवीनच. एका पीसीआय कॅप्चर कार्डाच्या ड्रायव्हरचा पॅच माझ्याकडे रिव्ह्यूला आलाय. त्यात केमॅलॉकने (कर्नलमध्ये मेमरी मागायचं फंक्शन) बफर घेतलाय आणि व्हर्ट टू फिज करून, म्हणजे व्हर्च्युअल ॲड्रेसवरून निघालेला फिजिकल ॲड्रेस, सरळ कार्डाच्या डिस्क्रिप्टरमध्ये (डेटा कुठे टाकायचा ते कार्डाला सांगणारी नोंद) टाकलाय. डेस्कटॉपवर मस्त चालतं, आर्म बोर्डावर मात्र आयओएमएमयू (कार्डाचे मेमरी ॲड्रेस भाषांतर करणारं हार्डवेअर) फॉल्ट देतो. लिहिणारे सीनियर आहेत, म्हणतात बोर्डच खराब आहे. मला नाही पटत, पण त्यांना नेमकं काय सांगू?

घणसोली_लोकल:
बोर्डाला दोष देऊ नका. सेक्टर ८ वाशीत आहे, ऐरोलीत आहे, नेरूळलाही आहे, नुसतं सेक्टर ८ सांगितलं तर रिक्षावाला नेणार कुठे? तसंच आहे हे. सीपीयूचा फिजिकल ॲड्रेस वेगळा आणि कार्डाला बसवर दिसतो तो वेगळा, मधलं भाषांतर आयओएमएमयू करतो, आणि त्याच्या टेबलात अशा बफरची नोंद होते ती डीएमए मॅप सिंगलसारख्या फंक्शनने मॅप केल्यावरच (डीएमए म्हणजे कार्डाने स्वतःच थेट मेमरी वाचणं-लिहिणं). तुमच्या डेस्कटॉपवर आयओएमएमयू बंद असणार म्हणून दोन्ही आकडे योगायोगाने सारखे येतायत. बायॉसमध्ये व्हीटी-डी (इंटेलचा आयओएमएमयू) चालू करा, बूट लाइनमध्ये इंटेल आयओएमएमयू ऑन टाका, आणि पासथ्रू (भाषांतर न करता ॲड्रेस तसाच पुढे सोडणारा मोड) अजिबात ठेवू नका नाहीतर परत सगळं छान दिसेल.

ठाणे_पूर्व_ताई:
वरचं बरोबर. मॅप केल्यावर काही जण निकाल नलशी (म्हणजे शून्याशी) ताडून पाहतात तेही चूक, शून्य हा खरा ॲड्रेस असू शकतो, डीएमए मॅपिंग एररनेच तपासायचं. प्रोबमध्ये (कार्ड सापडल्यावर चालणारं ड्रायव्हरचं फंक्शन) मास्क, म्हणजे कार्ड किती बिटचा ॲड्रेस वापरू शकतं ते, सेट केलाय का ते बघ. कार्ड ३२ बिट आणि मशीनला रॅम ४ जीबीच्या वर असेल, आयओएमएमयू नसेल, तर कर्नल डेटा बाउन्स बफरमधून (कार्डाच्या आवाक्यातली मधली जागा) फिरवतो, मग सिंक (दोन्हीकडचा डेटा जुळवणं) विसरलात की सीपीयूला जुनाच डेटा दिसतो. माझे दोन आठवडे यातच गेलेत, खूप त्रास झाला होता म्हणून सांगतेय. आणि डीएमए एपीआय डीबग चालू करून कर्नल बिल्ड कर, एरर न तपासलेलं मॅपिंग तो स्वतःच दाखवतो.

ऐरोलीवाला:
खूप आभार दोघांचे!! डेस्कटॉपवर आयओएमएमयू चालू केला, पहिल्याच कॅप्चरला फॉल्ट, आणि लॉगमधला ॲड्रेस अगदी डिस्क्रिप्टरमधलाच. सरांना स्क्रीनवर दाखवलं, त्यांनी लगेच मान्य करून पॅच मागे घेतला. आता ते म्हणतायत सगळंच कोहेरंट अलोकेशनने (सीपीयू आणि कार्ड दोघांना कायम सारखीच दिसणारी मेमरी) घेऊया, सिंकची कटकट नको. बरोबर आहे का?

ठाणे_पूर्व_ताई:
डिस्क्रिप्टर रिंगला (डिस्क्रिप्टरांची यादी) हो. मोठे फ्रेम बफर नको, काही आर्म बोर्डांवर ती मेमरी कॅशशिवाय मिळते आणि सीपीयूला वाचताना फार हळू पडते. ते स्ट्रीमिंग मॅपिंगनेच (साधा बफर वापरापुरता मॅप करणं) ठेवा, वाचायच्या आधी सिंक फॉर सीपीयू, कार्डाला परत देताना सिंक फॉर डिव्हाइस. स्कॅटरगॅदर (मेमरीतले विखुरलेले तुकडे एकत्र मॅप करणं) वापरणार असाल तर मॅपने परत दिलेली तुकड्यांची संख्या कार्डाला द्या, अनमॅपला मात्र मूळचीच.