मुतखडा ताणामुळे होतो का?

प्रश्न (महाल, नागपूर):
मार्चअखेरचे हिशेब मिटवत असताना मला दुसऱ्यांदा मुतखड्याची कळ आली. पहिली पाच वर्षांपूर्वी, मुलीच्या लग्नाच्या धावपळीत आली होती. सोनोग्राफीत ६ मिलिमीटरचा खडा दिसला. डॉक्टरांनी पाणी वाढवायला सांगितले, पण ताणाचा विषय मात्र हसण्यावारी नेला. जाणकारांनी आपले मत सांगावे.

प्रतिसाद (बजाजनगर):
खडा लग्नाच्या आठवड्यात तयार होत नाही. तो कित्येक महिने मूत्रपिंडात बसून असतो आणि मूत्रनलिकेत सरकला की कळ येते. ताणात व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक वाढले तर मूत्रपिंड पाणी राखून ठेवते, लघवी दाट होते आणि कॅल्शियम ऑक्झलेटचे (बहुतेक खडे या क्षाराचे असतात) कण जमणे सोपे जाते, असा तर्क मांडला जातो. १९९७ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात ताणाच्या घटना आणि खडे यांचा संबंध आढळलाही होता. मात्र खडा झालेल्यांना मागचे आठवायला सांगितले की, अशी कळ सोसलेल्या माणसाला सगळीच दुःखे जास्त आठवतात, हेही ध्यानात घ्यावे.

प्रतिसाद (हिंगणा):
माझ्या मते ताण बहुधा तहानेच्या वाटेने येतो. मीही हिशेबाचेच काम करतो. मार्चमध्ये टेबलावरची बाटली संध्याकाळी भरलेलीच सापडते, दिवसभरात चहा मात्र सहा वेळा होतो. त्यात आपल्याकडचा कोरडा उन्हाळा असा की घाम अंगावरच वाळतो आणि किती पाणी गेले ते कळतही नाही. इटलीत १९९ रुग्णांवर पाच वर्षे झालेल्या आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी सुमारे १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, तर इतरांपैकी २७ टक्क्यांना. म्हणून प्यालेले पाणी मोजण्यापेक्षा लघवी मोजावी. दिवसाला अडीच लिटर व्हायला हवी.

प्रतिसाद (सक्करदरा):
मीठ, पापड, लोणचे कमी करा, पण दूध बंद करू नका; आहारातले कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच अडवते. लघवी गाळणीतून गाळा आणि खडा पडला तर तपासायला द्या. कळ येऊन थंडीताप भरला तर मात्र घरी थांबू नका, तडक रुग्णालय गाठा.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. काल बाटली पाहिली, अर्धीही रिकामी झाली नव्हती. पहिला खडा वाहून गेला, तपासला नव्हता. या वेळी चहाची जुनी गाळणी न्हाणीघरात नेऊन ठेवली आहे.