ट्रायकोडर्मा पावडर: पावसाळ्यात नारिंगी बुरशी, शिवाय सीएफयू घसरतो

रबाळे_शेड
एमआयडीसीतलं लहान युनिट. ज्वारीच्या दाण्यांवर ट्रायकोडर्मा (पिकांवरच्या रोगट बुरशींना मारणारी उपयोगी बुरशी) वाढवून, वाळवून, दळून टाल्कमध्ये मिसळतो. जूनपासून दहातल्या तीन-चार पिशव्या नारिंगी पडतायत. पॅकिंगला ग्रॅममागे २ कोटी सीएफयू (वाढून कॉलनी करू शकणाऱ्या जिवंत बीजाणूंची मोजणी) असतो, तीन महिन्यांनी ५ लाख. टाल्क कमी करावा का?

पेट्रीडिश
टाल्कचा संबंध नाही. नारिंगी म्हणजे न्यूरोस्पोरा, आणि ती बहुतेक वेळा पिशवीच्या तोंडच्या कापसाच्या बोळ्यातून शिरते. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) बोळा भिजला की पिशवी गार होताना बाहेरची हवा त्यातूनच आत ओढली जाते. बोळ्यावर कागद बांधा. पिशवी अर्ध्या किलोची ठेवा, १२१ अंश, १५ पौंड दाब, तासभर. मोठी पिशवी तेवढ्या वेळात मध्यभागी कच्ची राहते. दाणे मुठीत दाबल्यावर पाणी सुटता कामा नये. नारिंगी पिशवी शेडमध्ये उघडायची नाही, बंदच ऑटोक्लेव्ह करून फेकायची. एक उघडली तरी आठवडाभर निस्तरत बसाल.

वाशी_क्यूसी
पावडरचा ओलावा किती? मानक कमाल ८ टक्के आहे.

रबाळे_शेड
आज काढला, ११.४. पंख्याखाली दोन दिवस वाळवतो.

वाशी_क्यूसी
मग सीएफयू टिकणार कसा! जुलैत आपल्याकडची हवाच पाण्याने भरलेली, पंखा तीच फिरवतो. बंद खोली, डीह्युमिडिफायर, पातळ थर, तापमान ३५ अंशांच्या आत. ओलसर पावडरीत बीजाणू रुजायला लागतात आणि उपाशी मरतात, वर जीवाणू वाढतात ते वेगळंच.
दळणंही थांबवा. मिक्सरचं भांडं तापतं, आणि दाण्याचा भुगा म्हणजे दूषित जंतूंना आयतं जेवण. वाळलेले दाणे चाळणीवर हलवून फक्त हिरवी भुकटी घ्या. पॅकिंग साध्या पॉलिथिनमध्ये नको, ॲल्युमिनियम लॅमिनेटचं पाकीट घ्या. पत्र्याखाली साठवत असाल तर तेही बंद.

पेट्रीडिश
मोजणी ट्रायकोडर्मा सिलेक्टिव्ह मीडियमवरच (मुख्यतः ट्रायकोडर्माच वाढू देणारं माध्यम) करा, पावडर पाण्यात पातळ करताना पहिल्या डायल्यूशनमध्ये थोडं ट्वीन ८० (साबणासारखं पुंजके सोडवणारं द्रव्य) घाला, नाहीतर बीजाणूंचे पुंजके एकेक कॉलनी म्हणून मोजले जातात. इतर जंतूंची मर्यादा ग्रॅममागे १०,००० आहे, तीही तपासा. आणि ५ लाखांचा तो लॉट विकू नका, मानक किमान २० लाखांचं आहे.

रबाळे_शेड
नोंदणी अजून कीटकनाशक कायद्याच्या कलम ९(३बी)खाली तात्पुरतीच आहे. लेबलवर मुदत किती लिहू?

वाशी_क्यूसी
नोंदणीत जी मंजूर झाली तीच. नवीन वाळवणीचे तीन लॉट खोलीच्या तापमानाला ठेवून दर महिन्याला मोजा. वाढीव मुदत मागायची तर हेच आकडे लागतील.