तुमच्या वाडीचं नाव कशावरून पडलं?

काल माहेरी गेले होते. रस्ता रुंद करताना फाट्यावरचा उंबर तोडलाय. कंडक्टर अजूनही "उंबराजवळ कोण आहे?" असंच विचारतो. पोटात कालवलं. आजी सांगायची, चार उंबरे आणि एक उंबर, एवढीच आमची उंबरवाडी. उंबर दिसला म्हणून पणजोबांनी तिथंच विहीर खणली, पाणी लागलं, मग घरं झाली. तुमच्याकडची नावं सांगा ना.

---

आमचं खुर्द. बुद्रुक म्हणजे फारसी बुजुर्ग, थोरलं. खुर्द म्हणजे धाकटं. आता आमच्याकडे घरं जास्त, तरी पार्सल बुद्रुकलाच जातं 😄

---

आमचा बंजारा तांडा. पणजोबा नायक होते, त्यांच्या नावानं ओळखतात. सातबाऱ्यावर मात्र शेजारच्या गावाचं नाव. निम्मा तांडा दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो, तेव्हा घरी म्हाताऱ्या नि पोरंच. त्यावर वेगळं लिहीन.

---

कुठला तांडा? माझी मावशी दिग्रसकडे शिक्षिका होती. तिला गोरमाटी छान यायची.

---

जांभूळपाड्याचं आहे का कुणी इथे? आई जुलै 1989 च्या पुराचं अजून सांगते. अंबा नदी म्हटलं की गप्प होते.

---

आमच्या वस्तीला जातीचं नाव होतं. शाळेत पत्ता विचारला की मी फक्त गावाचं नाव सांगायचे, पुढचं गिळायचे. 2020 मध्ये सरकारनं अशी नावं बदलायचं ठरवलं, मग आमच्याकडे समतानगर पाटी लागली. त्या पत्त्यावर आलेलं पहिलं पत्र बाबांनी ट्रंकेत ठेवलंय. विजेचं बिल होतं. जुनी नावं जपा म्हणताना आम्हालाही धरा.

---

ताई, हे वाचून हातातली भाजी तशीच राहिली. बरं झालं लिहिलंत. माझ्या डोक्यात नुसता उंबरच होता.

---

आमचं शेत रिठी गावात आहे. विदर्भातल्यांना कळेल. कागदावर गाव, वस्ती शून्य. मारुती तेवढा उरलाय. पेरणीआधी नारळ फोडायला जातो, बाबा मोठ्यानं गावाचं नाव घेतात.

---

उंबर परत लावा की. विहिरीच्या कपारीत पाखरांनी रुजवलेलं रोप हमखास असतं.

---

आहे! भावानं आत्ताच फोटो पाठवला, वीतभर आहे. आता काढू की पावसात?

---

मृग पडू दे. मुळं कपारीत घट्ट असतात, ओढू नका, मातीसकट काढा.