एमबीए कॉलेज निवडताना प्राध्यापकांची 'कामगिरी' कशी वाचायची? सल्ला हवा

देवगडचा_दुकानदार

नमस्कार मंडळी. जामसंड्यात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. मुलीचं बी.कॉम. झालं, एमबीए सीईटी दिली, मार्क बरे पडले. आता कॅप राउंडचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीचा, पसंतीक्रम भरायचाय. तीन कॉलेजं डोळ्यासमोर आहेत: एक शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातलं, एक नवी मुंबईतलं, एक पुण्याचं. नावं मुद्दाम लिहीत नाही.

फी, हॉस्टेल, एसटीचा प्रवास हे सगळं मला समजतं. अडलो ते वेगळ्याच ठिकाणी. प्रत्येक माहितीपत्रकात 'प्राध्यापकांची अलीकडची कामगिरी' अशी पानं आहेत. पुणेवाल्यांनी लिहिलंय: एका वर्षात ६४ शोधनिबंध, ९ पेटंट, ११ पुरस्कार. नवी मुंबईचे २० निबंध, दोघांची पीएच.डी. आणि भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचा एक प्रकल्प. रत्नागिरीवाल्यांच्या मोजून पाच ओळी. एका मॅडमची पीएच.डी. पूर्ण, एक केस स्टडी प्रसिद्ध, आणि आंबा बागायतदारांसाठी घेतलेली हिशेबाची कार्यशाळा.

मी बारावी शिकलेला माणूस. पेटंट म्हटलं की मला मशीन आठवतं. मुलगी म्हणते, "बाबा, ६४ कुठे आणि ५ ओळी कुठे!" तिला काय सांगू?

पनवेल_लोकल

काका, सरळ सांगतो. प्लेसमेंट बघा. किती मुलं बसली, किती लागली आणि मधला पगार किती, हे तीन आकडे लेखी मागा. सगळ्यात मोठं पॅकेज मोठ्या अक्षरात छापतात, त्यावर जाऊ नका. प्राध्यापकांचे निबंध नोकरी देत नाहीत.

गुहागरचा_मास्तर

पनवेलकरांचा मधल्या पगाराचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. शेवटचं वाक्य मात्र मान्य नाही. मुंबईत २८ वर्षं व्यवस्थापन शिकवून आता गावी आलोय. दोन वर्षं मुलगी ज्यांच्यासमोर बसणार, ती माणसं सध्या कशात डोकं घालून बसली आहेत, हे कळण्याची बाहेरच्याला एकच खिडकी असते, आणि ती म्हणजे ही यादी. ती फेकू नका, नीट वाचायला शिका.

आधी हे आकडे एवढे फुगतात का, ते बघू. केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची एनआयआरएफ क्रमवारी २०१६ पासून लागते. व्यवस्थापनाच्या गटात तिचा ३० टक्के भार संशोधन आणि व्यावसायिक कामावर आहे. त्यामुळे प्रत्येक संस्था निबंध मोजते, प्राध्यापकाची बढतीही त्याला जोडते. मग कुणी एकाच अभ्यासाचे चार तुकडे करून चार ठिकाणी छापतो, कुणी पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकाकडे जातो. चांगल्या नियतकालिकात निबंध पाठवला की परीक्षक प्रश्न विचारतात, दुरुस्त्या सांगतात, परत पाठवतात. त्यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात. म्हणून एकाच माणसाच्या नावावर वर्षाला पंधरा-वीस निबंध दिसले की मी थांबतो आणि नियतकालिकाचं नाव बघतो.

नाव बघायचं म्हणजे काय? व्यवस्थापनात ऑस्ट्रेलियातल्या बिझनेस डीन्स कौन्सिलची यादी सगळीकडे चालते, तिला एबीडीसी म्हणतात. त्यात ए-स्टार, ए, बी, सी अशा चार पायऱ्या. बी मध्ये आलेला एक निबंधसुद्धा आपल्या भागातल्या कॉलेजसाठी कौतुकाची गोष्ट आहे. फायनान्शियल टाइम्सची ५० नियतकालिकांची यादी त्याच्याही वरची, तिथे भारतातले मोजकेच पोचतात. 'स्कोपस इंडेक्स्ड' हा शब्द सगळ्यांत जास्त वापरला जातो. स्कोपस ही एल्सेव्हियर या प्रकाशन कंपनीची २००४ मध्ये सुरू झालेली नियतकालिकांची सूची. त्यातून नियतकालिकं काढूनही टाकतात, म्हणून आजही आहे का ते तपासायचं. यादी फुकट बघता येते. 'यूजीसी केअर' असं लिहिलं असेल तर ती विद्यापीठ अनुदान आयोगाची, म्हणजे यूजीसीची, नियतकालिकांची यादी २०१९ मध्ये आली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत यूजीसीने ती बंद केल्याचं जाहीर केलं. जुन्या निबंधापुढे ते नाव असलं तर हरकत नाही.

आता पेटंट. यात पालक सगळ्यांत जास्त फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अर्ज केल्यावर साधारण १८ महिन्यांनी तो पेटंट कार्यालयाच्या नियतकालिकात आपोआप प्रसिद्ध होतो. वेगळा फॉर्म आणि फी भरली तर महिन्याभरातच होतो. याला 'पब्लिश्ड' म्हणतात. याचा अर्थ एवढाच की अर्ज आलाय. त्यानंतर तपासणी, आक्षेप, उत्तरं, आणि मग मंजुरी; तिला 'ग्रँटेड' म्हणतात आणि तिची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. माहितीपत्रकात दोन्हींना नुसतं 'पेटंट' लिहितात. आणखी एक. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ मधल्या 'के' पोटकलमाप्रमाणे धंद्याची पद्धत, म्हणजे बिझनेस मेथड, पेटंटला पात्रच नाही. मग मार्केटिंगच्या प्राध्यापकाच्या नावावर 'स्मार्ट' अमुकतमुक उपकरण दिसलं, सोबत दहा-बारा सहसंशोधक दिसले, तर त्याचा तुमच्या मुलीच्या वर्गाशी काय संबंध, हा प्रश्न विचारायलाच हवा. कित्येकदा ते पेटंट नसून डिझाइनची नोंदणी असते. त्यात वस्तूच्या बाहेरच्या रूपाला संरक्षण मिळतं, आतल्या कल्पनेला नाही.

पुरस्कारांबद्दल एका ओळीत: देणारी संस्था कोण, आणि अर्जासोबत फी घेतली होती का.

जी कामगिरी लोक वगळतात ती मला मोठी वाटते. नवी मुंबईवाल्यांसारखा सामाजिक विज्ञान परिषदेचा प्रकल्प मिळाला म्हणजे बाहेरच्या तज्ज्ञांनी प्रस्ताव तपासून सरकारी पैसे दिले, अहवाल द्यावाच लागतो. कुणी विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर असेल तर अभ्यासक्रम कुठे चाललाय हे त्याला ठाऊक असतं. आणि केस स्टडी! खरा धंदा, खरे आकडे, मालकाची लेखी परवानगी, आणि सोबत शिकवण्याची टिपणं. एक चांगली केस लिहायला सहा महिने लागतात आणि ती थेट वर्गात वापरली जाते. मुंबईच्या डबेवाल्यांवर हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने केस केली, ती जगभर शिकवतात. आपल्या हापूसची पेटी, वाशी मार्केटातली अडत, कर्नाटकातला आंबा 'देवगड' म्हणून विकला जाणं, २०१८ मध्ये हापूसला मिळालेलं भौगोलिक मानांकन, यावर वर्गात दोन तास भांडण होऊ शकतं. रत्नागिरीची ती केस कशावर आहे, ते आधी विचारा.

काजूगर_वेंगुर्ला

माका ह्या स्कोपस-बिपस काय कळना नाय, पण एक गजाल सांगतंय. दोन वर्सांमागे एका कॉलेजातली म्याडम आमच्या काजूच्या कारखान्यात इली. चार दिस रवली. बी फोडणाऱ्या बायकांच्या बाजूक बसान सगळा लिवन घेतल्यान.

पुढचं पुस्तकी भाषेत लिहितो, सगळ्यांना समजू दे. आमचा धंदा असा की मार्च ते मे मध्ये वर्षभराची बी रोख पैशाने उचलावी लागते आणि गर बारा महिने थोडा थोडा विकला जातो. चार किलो बीतून साधारण किलोभर गर. पैसा गोदामात अडकून बसतो आणि बँकेचं व्याज चालू. मला वाटायचं, भाव मिळत नाही म्हणून मार खातोय. मॅडमनी हिशेब मांडला तेव्हा दिसलं की मार तुकड्यात होता. अख्खा पांढरा गर आणि तुकडा यांच्या भावात केवढा फरक! त्या म्हणाल्या, बी वाफवायच्या आधी आकाराप्रमाणे वेगळी करा, म्हणजे कापताना पातं बरोबर बसेल. आता तसंच करतो, तुकडा कमी झालाय. सहा महिन्यांनी वर्गातली पोरं घेऊन आल्या आणि माझ्याच आकड्यांवर मला प्रश्न विचारायला लावले. एका पोराने विचारलं, "काका, दोन पाळ्यांत बी खरेदी केली तर?" त्यावर मी अजून विचार करतोय.

आमच्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेली वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ही कलमं बागाबागांत उभी आहेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं काम आम्ही असं ओळखतो. धंदा शिकवणाऱ्या कॉलेजचंही काम असंच कुठेतरी उभं दिसायला हवं. ते कुठे दिसतं, हे विचारा.

देवगडचा_दुकानदार

मास्तर, काजूगर, दोघांचे आभार मानावे तेवढे थोडे. पेटंटचं वाचून डोळे उघडले. पण हे तपासायचं कसं? आम्ही दोघं रात्री मोबाइल घेऊन बसतो, कुठून सुरुवात करू?

ग्रंथपाल_चिपळूण

दादा, मुलीलाच बसवा, तासाभराचं काम आहे.

पेटंटसाठी भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोधाची सोय आहे. अर्जदाराचं किंवा संशोधकाचं नाव टाका, स्थिती दिसते. पीएच.डी. साठी 'शोधगंगा'. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचा हा संग्रह आहे, तिथे प्रबंध पूर्ण वाचता येतो. सगळा वाचू नका. प्रस्तावना, माहिती कशी गोळा केली ते प्रकरण आणि निष्कर्ष एवढं पुरे. प्रश्नावली स्वतः फिरून भरून घेतली की कसं, ते शब्दांवरून कळतं. त्याच इन्फ्लिबनेटचं 'विद्वान' म्हणून संकेतस्थळ आहे, तिथे प्राध्यापकांची माहिती असते. गुगल स्कॉलरवर निबंधांना बाकीच्यांनी किती वेळा संदर्भ म्हणून घेतलं ते दिसतं. मागे घेतलेले निबंध बघायचे तर 'रिट्रॅक्शन वॉच'.

सगळ्यांत महत्त्वाचं माझ्या मते वेगळंच. एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या नियमाने प्रत्येक कॉलेजला संकेतस्थळावर 'मँडेटरी डिस्क्लोजर', म्हणजे सक्तीने जाहीर करायची माहिती, ठेवावं लागतं, त्यात प्राध्यापकांची यादी असते. माहितीपत्रकात ज्यांची कामगिरी छापलीय ती नावं त्या यादीत आहेत का? की माणूस गेलाय आणि त्याचे निबंध मागे राहिलेत? आमच्याकडे वाचनालयात आलेल्या एका पालकांना नेमकं हेच सापडलं होतं. यादीतले चार जण वर्षापूर्वीच सोडून गेलेले.

२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आमच्या बाजारपेठेत बरीच माणसं फॉर्म घेऊन आली. बहुतेकांनी एकदा प्रश्न विचारले आणि परत फिरकली नाहीत. ज्याने विम्याचे दावे का अडकले ते दुकानादुकानातून विचारलं आणि वर्षाने येऊन व्यापाऱ्यांना त्यांचीच कागदपत्रं कशी ठेवायची ते दाखवलं, असा एक सर आम्हाला आठवतो. त्याने त्यावर निबंध लिहिला असेल तर मी तो पहिल्या नंबरवर ठेवीन.

मालवणची_सेम३

मी नवी मुंबईत एमएमएसच्या, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या एमबीएसारख्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. विद्यार्थ्याच्या बाजूने सांगते.

आमच्याकडे ज्यांचे सगळ्यांत जास्त निबंध, ते सर सेमिस्टरभरात मोजून तीन तासांना आले. उरलेला विषय बाहेरून येणाऱ्या व्हिजिटिंग सरांनी कसाबसा संपवला. याचा खूप त्रास झाला, कारण फायनान्स होतं आणि मला तेच करायचं होतं. दुसरीकडे एका मॅडमचे दोनच निबंध, पण दोन्ही मासेमारीतल्या उचलीवर. ट्रॉलरवाला व्यापाऱ्याकडून डिझेल-बर्फासाठी आगाऊ पैसे घेतो आणि मग मासळी त्यालाच घालावी लागते, भाव तो म्हणेल तो. माझे बाबा हेच आयुष्यभर करत आले. मॅडम पहाटे ससून डॉकवर उभ्या राहून आलेल्या. त्यांनी फळ्यावर त्या उचलीचं खरं व्याज काढलं तेव्हा मी वहीत लिहायचंच विसरले. घरी फोन करून बाबांना तो आकडा सांगितला.

काका, दोनच प्रश्न विचारा. हे प्राध्यापक पहिल्या वर्षाला स्वतः शिकवतात का? आणि यांच्या प्रकल्पात विद्यार्थ्यांना घेतात का? शक्य झालं तर सध्याच्या एखाद्या विद्यार्थ्याशीही बोला, ऑफिसने जोडून दिलेल्या नव्हे.

पनवेल_लोकल

मालवणची ताई, हे वाचून मी माझं पहिलं म्हणणं थोडं बदलतो. प्लेसमेंट बघाच, पण सोबत हेही.

देवगडचा_दुकानदार

मंडळी, चार दिवसांनी लिहितोय.

मुलीने सगळं तपासलं. पुण्याच्या ९ पैकी ७ अर्ज नुसते प्रसिद्ध झालेले, २ डिझाइनच्या नोंदी. ६४ निबंधांतले बरेचसे दोनच माणसांच्या नावावर. नवी मुंबईचा प्रकल्प खरा आहे, चालू आहे, आणि ते सर पहिल्याच सेमिस्टरला शिकवतात.

मग तिने स्वतःच तिन्हीकडे एकेका प्राध्यापकांना मेल केला: तुमचं हे काम वाचलं, वर्गात ते शिकवता का? पुण्याहून प्रवेश विभागाचा फोन आला, सीट लवकर पक्की करा म्हणून. नवी मुंबईच्या सरांनी दोन ओळींत 'हो, या, भेटू' म्हटलं. रत्नागिरीच्या मॅडमनी मोठं पत्र लिहिलं. त्यांची पीएच.डी. आंबा बागायतदारांच्या उधारीवर आहे. शोधगंगेवरचा दुवा पाठवला, चौथं प्रकरण वाच म्हणाल्या, आणि केस एका कॅनिंगवाल्यावर आहे, ती वर्गात घेतात असंही कळवलं.

तिने ते प्रकरण रात्री वाचून काढलं. सकाळी दुकानात येऊन मला विचारते, "बाबा, खताच्या आणि फवारणीच्या दिवसांत आपण जो पाइप-पंप उधारीवर देतो, त्यातली किती उधारी मे अखेर परत येते?" दुकान चालवायला लागून वीस वर्षं झाली. हा प्रश्न ना तिने कधी विचारला होता, ना मी स्वतःला.

पहिली पसंती रत्नागिरी, दुसरी नवी मुंबई, तिसरं पुणे असं भरतोय. क्रम तिचा आहे.

गुहागरचा_मास्तर

छान झालं. उत्तर काय निघालं मग, किती येते परत?

देवगडचा_दुकानदार

अजून निघायचंय. गेल्या तीन हंगामांच्या वह्या काढून दोघं बसलोय. ती नावं वाचते, मी आठवून सांगतो.