मदत हवी आहे: मुलीला कोर्स लावला तर कंट्रोलचं कार्ड जाईल का? (नागपूर)

नमस्कार. पुरवठा खात्याशी किंवा कौशल्य विकासच्या कामाशी ज्यांचा संबंध आला आहे, अशा नागपूरकरांकडून नेमकं उत्तर हवं आहे.

आमच्या कॉलनीत तीन-चार घरी पोळ्या करणाऱ्या एक ताई आहेत. घरात चार माणसं, केशरी कार्ड, त्यावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का. माणशी ५ किलोप्रमाणे २० किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. नवरा रोजंदारीच्या कामासाठी मजुरांच्या ठिय्यावर उभा राहतो. काम लागलं तर लागलं, नाहीतर अकरा वाजता भरलेला डबा घेऊन घरी परत. मोठी मुलगी बारावी पास आहे, वीस वर्षांची. आजी अंथरुणाला खिळली होती तेव्हा तिला कुशीवर वळवणं, पाठ पुसून पावडर लावणं, चादर न ओढता बदलणं सगळं हिनेच केलं. धंतोली-रामदासपेठेत इतके दवाखाने आहेत, तिथे रुग्णसेवेचं काम करायचं तिने मनावर घेतलंय. त्यासाठी जनरल ड्यूटी असिस्टंटचा कोर्स हवा.

आई मात्र तयार नाही. तिचं म्हणणं एकच: "पोरगी कमवाले लागली का कार्ड कटते. अन् नोकरी सुटली तं मंग कार्ड कोन बनवून देईन?"

ही भीती पोकळ नाही. शहरात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला पाच हजारही नाहीत. मुलीला दहा हजारांची नोकरी लागली तर तिच्या एकटीच्या पगाराचेच वर्षाला १,२०,००० होतात. केशरी कार्डाची एक लाखाची मर्यादासुद्धा मागे पडते. खासगी दवाखान्यातली नोकरी किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही, धान्य मात्र दर महिन्याला लागतंच. अमेरिकेत धान्याची सरकारी मदत घेणाऱ्यांना त्याच योजनेतून कामाचं प्रशिक्षण देतात, जाण्यायेण्याचा खर्चही देतात. आपल्याकडे धान्याचं खातं वेगळं, प्रशिक्षणाचं वेगळं, आणि दोन्हींच्या मध्ये ही बाई एकटी उभी आहे. मला याचा फार त्रास होतो.

त्यात वस्तीत एक माणूस येऊन गेला. सरकारी कोर्स आहे म्हणाला, नोंदणीचे दोन हजार आणि मूळ मार्कशीट मागितली. अजून काही दिलेलं नाही. खरंच फुकट असलेला कोर्स कुठे मिळेल? आणि कार्डाचं काय होईल?

प्रतिसाद १

ताई, मूळ मार्कशीट कुणालाही देऊ देऊ नका. दाखवायची, झेरॉक्स द्यायची आणि मूळ परत पिशवीत. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतल्या कोर्सला मुलांकडून फी घेत नाहीत, त्यामुळे दोन हजार मागणाऱ्याला तिथेच थांबवा.

वर्गात बसल्याने घरात पगार येत नाही, तेव्हा कोर्स लावला म्हणून कार्डाला धक्का लागायचं कारण नाही. प्रश्न नोकरी लागल्यावरचा आहे.

कुणी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना सुचवेल. ती गावातल्या मुलांसाठी आहे, कार्ड नागपूर शहराचं असेल तर उपयोग नाही. कारागिरांसाठीच्या विश्वकर्मा योजनेत १८ कामं आहेत, पण स्वयंपाक त्यात नाही, म्हणून आईलाही तिथे धावपळ करायला लावू नका. मुलगी बारावी आहे तर मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना बघा. २०२४ मध्ये ती आली तेव्हा बारावीवाल्यांना महिन्याला ६,००० रुपये विद्यावेतन होतं, थेट खात्यात. ‘महास्वयम’ या सरकारी रोजगार पोर्टलवर नोंदणी करा आणि सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा कौशल्य विकास केंद्रात मुलीला स्वतः घेऊन जा. सोबत कुणी असलं की मुलगी न घाबरता बोलते.

प्रतिसाद २

कार्डाबद्दल सांगतो. उत्पन्न वाढलं म्हणून कार्ड फाडत नाहीत, ते प्राधान्यातून बाहेर जातं आणि मोफत धान्य थांबतं. परत आत यायला इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या, त्यात जागा मोकळी लागते. अख्ख्या महाराष्ट्राला सुमारे ७ कोटी लोकांचाच इष्टांक आहे, त्यामुळे अर्ज देऊनही वाट बघावी लागते. तुमच्या ताई बरोबर बोलल्या.

पण हिशेबही मांडून दाखवा. २० किलो धान्य बाजारातून किलोला चाळीसने घेतलं तरी ८०० रुपये होतात. दहा हजारांपुढे ८०० ही रक्कम भारी नाही, भारी आहे ती नोकरी सुटल्यावरची वाट. पहिले पाच-सहा पगार आले की तेवढ्या महिन्यांच्या धान्याचे पैसे मुलीच्या खात्यात वेगळे ठेवायला सांगा. आणि दवाखान्याच्या खर्चाची धास्ती असेल तर ती काढून टाका. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं ५ लाखांचं कवच आता पांढऱ्या कार्डालाही आहे.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. ८०० रुपयांचा हिशेब ताईंना कागदावर लिहून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचून घेतला, आणि सिव्हिल लाइन्सला सोबत यायला त्या तयार झाल्यात.

एक अडचण उरली. मुलगी सकाळी आईसोबत दोन घरची कामं करते, ती सोडली तर घरात लगेच तंगी. दुपारी तीननंतर मोकळी असते. पारडी-वाठोड्याच्या बाजूला दुपारनंतरची बॅच चालवणारं, आणि ज्याच्या मुली खरोखर दवाखान्यांत कामाला लागल्यात असं केंद्र कुणाला माहीत असेल तर कृपया इथे लिहा.